कावीळ उतरली, पण रोग गेला काय?

विदर्भात कावीळ हा शब्द जितका परिचित आहे, तितकाच तो फसवा आहे. डोळे पिवळे झाले की कावीळ झाली आणि डोळे पांढरे झाले की कावीळ उतरली, एवढाच जनमानसातील हिशेब असतो. त्यासाठी गळ्यात मुळ्यांच्या तुकड्यांची माळ घालणारे, चुन्याच्या पाण्याने हात धुवून पिवळे पाणी काढून दाखविणारे, देवदालीचे नस्य देऊन नाकावाटे पिवळा स्राव पाडणारे लोक गावोगावी आहेत. आपण शिक्षित वैद्य या प्रकारांना हसतो. तथापि आपल्यापैकी अनेकांची चिकित्साही डोळ्यांचा वर्ण निवळला आणि बिलिरुबिनचा आकडा खाली आला की संपते. तेथे आपण आणि माळवाला यांत फारसे अंतर उरत नाही.

या फसवेपणाचे कारण उघड आहे. दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ बहुतांशी हिपॅटायटिस ए वा ई या विषाणूंची असते. गर्भिणीला ई विषाणूपासून असणारा गंभीर धोका आणि काही मोजके अपवाद सोडले, तर ती काही आठवड्यांत स्वभावतःच शमते. म्हणून माळ घातली तरी यश आणि आरोग्यवर्धिनी दिली तरी यश! हिपॅटायटिस बी आणि सी यांचा स्वभाव मात्र निराळा आहे. हे विषाणू रक्तावाटे येतात, बी हा शरीरसंबंधातून आणि मातेकडूनही येतो. सी विषाणूची बाधा झालेल्या दहांपैकी सुमारे सात जणांत तो ठाण मांडून बसतो. बी विषाणू जन्मवेळी मातेकडून आला तर दहांपैकी नऊ अर्भकांत तो टिकून राहतो. यांतील बहुसंख्यांना कावीळ होतच नाही; रोगी वर्षानुवर्षे हिंडता-फिरता असतो.

असा दीर्घकाळ राहिलेला यकृतशोथ पुढे यकृत घट्ट करतो, जलोदर आणतो, यकृताचा कर्करोगही घडवितो, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. परंतु हेच विषाणू यकृताबाहेर, लसिकापेशींमध्ये कर्करोग घडविण्यास साहाय्यभूत होतात, म्हणजेच लिम्फोमाचा धोका वाढवितात, याची चर्चा आपल्या वर्तुळात जवळजवळ होत नाही. ती व्हावी, कारण तिचा संबंध आपण रोज देतो त्या औषधांशी आणि रोज विचारावयाच्या परंतु न विचारलेल्या प्रश्नांशी आहे, असे माझे मत आहे.

पुरावा काय सांगतो?

सी विषाणूचा शोध १९८९ मध्ये लागला. त्यासाठी हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. शोधानंतर काही वर्षांतच, विशेषतः इटलीसारख्या या संसर्गाचे प्रमाण अधिक असलेल्या देशांत, लिम्फोमाच्या रुग्णांमध्ये हा विषाणू अपेक्षेपेक्षा अधिक वेळा आढळतो असे लक्षात आले. निरनिराळ्या देशांतील अभ्यास एकत्र करून २००८ मध्ये केलेल्या विश्लेषणात सी विषाणू असलेल्यांना नॉन-हॉजकिन लिम्फोमाचा धोका सुमारे पावणेदोन पट दिसला. बी विषाणूबाबत दक्षिण कोरियातील सहा लाखांहून अधिक लोकांचा दीर्घकाळ मागोवा घेणारा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही विषाणूधारकांना असणारा धोका साधारण तितकाच, पावणेदोन पटीच्या आसपास, निघाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ च्या आपल्या ग्रंथात सी विषाणू आणि नॉन-हॉजकिन लिम्फोमा यांतील कार्यकारणसंबंधाचा पुरावा पुरेसा मानला. बी विषाणूबाबत संबंध दिसतो, परंतु पुरावा मर्यादित आहे, असे म्हटले. हा भेद आपणही पाळावा.

हे घडते कसे? सी विषाणूच्या आवरणावरील एक प्रथिन बी-लसिकापेशींच्या पृष्ठभागावरील सीडी-८१ नावाच्या ग्राहकाला चिकटते. विषाणू शरीरातून जात नाही, म्हणून या पेशींना लढ्याची हाक सतत मिळत राहते. त्या वर्षानुवर्षे विभाजित होत राहतात, आणि अशा अखंड विभाजनात एखाद्या पेशीसमूहाच्या गुणसूत्रांत बिघाड होऊन तो समूह मोकाट वाढू लागतो.

या सर्वांत मला सर्वाधिक बोलका वाटतो तो २००२ मध्ये फ्रेंच वैद्यकांनी प्रसिद्ध केलेला अनुभव. प्लीहेच्या एका विशिष्ट, मंदगतीने वाढणाऱ्या लिम्फोमाचे नऊ रुग्ण सी विषाणूने बाधित होते. त्यांना कर्करोगाची नेहमीची रसायने न देता विषाणूविरुद्ध इंटरफेरॉन देण्यात आले. विषाणू नाहीसा झालेल्या सात जणांत लिम्फोमाही पूर्णपणे ओसरला. त्याच प्रकारचा लिम्फोमा असलेल्या, परंतु विषाणू नसलेल्या सहा जणांना तेच औषध दिले असता काहीही लाभ झाला नाही. रुग्णसंख्या लहान आहे, तथापि अर्थ स्पष्ट आहे: हेतू काढला आणि त्याने उत्पन्न केलेला व्याधी मागे हटला. निदानपरिवर्जनाचे याहून ठळक उदाहरण आधुनिक वैद्यकात शोधून सापडणे कठीण.

निदानार्थकर रोग

आपल्या आचार्यांना विषाणू ठाऊक होता असे म्हणण्याचा अट्टाहास मी करणार नाही. असे दावे आपल्याच शास्त्राचे हसे करतात. परंतु एक रोग दुसऱ्या रोगाचा हेतू होतो, हा विचार मात्र चरकसंहितेच्या निदानस्थानातील आठव्या अध्यायात स्वच्छ मांडलेला आहे. ज्वराच्या संतापाने रक्तपित्त होते, प्लीहावृद्धीने उदर आणि उदराने शोथ होतो, प्रतिश्यायातून कास व कासातून क्षय होतो, ही उदाहरणे आपण सर्वांनी प्रथम वर्षांपासून पाठ केली आहेत. त्यापुढील भाग आपण विसरतो: काही रोग दुसऱ्याचा हेतू होऊन स्वतः शमतात, तर काही स्वतः न शमता दुसऱ्यालाही उत्पन्न करतात. जीर्ण विषाणुजन्य यकृतशोथ हा या दुसऱ्या वर्गात बसतो.

यकृत आणि प्लीहा ही रक्तवह स्रोतसाची मुळे सांगितली आहेत. सी विषाणूशी निगडित लिम्फोमांमध्ये प्लीहेत उगम पावणारे प्रकार विशेष दिसतात, ही गोष्ट वैद्याने लक्षात ठेवण्याजोगी आहे. कालांतराने खर झालेल्या, दुर्लक्षित कामलेला कुंभकामला असे वेगळे नाव देऊन ती कृच्छ्रसाध्य सांगितली आहे. म्हणजे पिवळेपणा पहिला दिवस असो वा शेवटचा, व्याधीचा काळ मोजणे आवश्यक, हे आचार्यांना अभिप्रेत होते. हेमंतात संचित झालेला कफ वसंतात पीडा देतो, असे विप्रकृष्ट हेतूचे उदाहरण आपण विद्यार्थ्यांना देतो. येथे संचय एका ऋतूचा नसून वीस-तीस वर्षांचा आहे, एवढेच.

या विचाराचा चिकित्सेतील अर्थ असा की, ज्या रोगाचा हेतू शरीरात जिवंत आहे, त्याला केवळ दोषशमन पुरे पडत नाही. सी विषाणूसाठी आज तोंडाने घ्यावयाच्या गोळ्या आहेत. सोफोसबुव्हिर २०१३ च्या अखेरीस अमेरिकेत आले, तेव्हा बारा आठवड्यांच्या उपचाराची तेथील किंमत ८४ हजार डॉलर होती. २०१५ पासून भारतीय कंपन्यांनी ते अत्यल्प किमतीत उपलब्ध केले. डॅक्लाटासव्हिर वा व्हेलपाटासव्हिर यांच्यासह बारा आठवडे घेतल्यास शंभरांपैकी पंचाण्णव वा अधिक रुग्णांतून विषाणू कायमचा जातो. बी विषाणू असा समूळ जात नाही. टेनोफोव्हिर वा एन्टेकाव्हिर त्याला दाबून ठेवतात. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात या दोन्हींची तपासणी व औषधे शासनामार्फत विनामूल्य आहेत. हेतू काढण्याचे साधन हाताशी असताना रुग्णाला त्यापासून दूर ठेवणे हे कोणत्या शास्त्रात बसते?

आपल्या चिकित्सालयात तो कोणत्या रूपाने येतो?

असा रुग्ण 'मला हिपॅटायटिस आहे' असे म्हणत येत नाही. तो सांधेदुखी घेऊन येतो. सीताबर्डीसारख्या ठिकाणी गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, तसेच छिंदवाडा, बालाघाटहून येणारे रुग्ण हाती जुन्या कागदांची पिशवी घेऊन येतात. त्यांत एखादा कागद आमवाताच्या तपासणीचा, म्हणजे आरए फॅक्टरचा असतो आणि तो सकारात्मक असतो. येथेच गफलत होते. सी विषाणूच्या जीर्ण संसर्गात रक्तात क्रायोग्लोब्युलिन नावाची, थंडीत गोठणारी प्रथिने तयार होतात आणि त्यांच्यासह आरए फॅक्टरही सकारात्मक येतो. थकवा, सांध्यांतील वेदना आणि पायांच्या नडग्यांवर उठणारे जांभळट-तांबडे ठिपके हे त्याचे त्रिकूट. पायांना बधिरता वा मुंग्याही असतात. अशा रुग्णाला कोणी आमवात म्हणतो, कोणी वातरक्त म्हणतो, तर कोणी त्वग्रोग समजून मंजिष्ठादि काढा देतो. आधुनिक चिकित्सकाकडे गेला आणि तेथेही विषाणू तपासला गेला नाही, तर यकृताला जाचक अशी मेथोट्रेक्झेटची गोळी सुरू होऊ शकते. आणि या क्रायोग्लोब्युलिनच्या रुग्णांतूनच काहींना पुढे लिम्फोमा होतो. ठिपके आणि सांधेदुखी एकत्र दिसली की अँटी-एचसीव्ही तपासणी लिहावी, एवढे एक सूत्र जरी या लेखातून वाचकांनी उचलले तरी लेखनाचे सार्थक झाले असे मी मानेन.

दुसरे रूप ग्रंथीचे. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात ग्रंथी, अपची, अर्बुद यांचे वर्णन एकत्र केले, त्यात व्यावहारिक शहाणपण आहे. आरंभी ते एकमेकांसारखे दिसतात. मानेतील गाठ पाहून आपल्याकडे एक तर क्षयाची औषधे सुरू होतात किंवा कांचनार गुग्गुळ. कांचनार गुग्गुळाला माझा विरोध नाही. विरोध आहे तो निदान न करता महिनोन्‌महिने तो देत राहण्याला. मान, काख वा जांघेत न दुखणारी गाठ चार आठवड्यांहून अधिक टिकली, वाढत गेली, वा तिच्यासोबत ज्वर, रात्री कपडे भिजविणारा घाम आणि सहा महिन्यांत वजनाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक घट असेल, तर गाठीचा तुकडा तपासलाच पाहिजे. त्यापूर्वी स्टेरॉइड कोणत्याही रूपात जाता कामा नये. त्याने गाठ काही काळ विरते, तुकड्यात रोग ओळखू येत नाही आणि रुग्णाचे मोलाचे महिने जातात. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. चिठ्ठी लिहून रुग्ण तेथे पाठविण्यात वैद्याची मानहानी नाही.

तिसरे रूप प्लीहावृद्धीचे, आणि येथे विदर्भाची स्वतःची अडचण आहे. आपल्याकडे सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ. त्यांचे डोळे रक्तकण फुटण्यामुळे बारमाही थोडे पिवळे असतात. 'याला नेहमीचीच कावीळ आहे' असे घरचेही म्हणतात आणि चिकित्सकही. परंतु याच रुग्णांना वारंवार रक्त द्यावे लागते, आणि रक्तपेढ्यांत सी विषाणूची तपासणी भारतात सक्तीची झाली ती २००१-०२ च्या सुमारास. त्यापूर्वी रक्त घेतलेला प्रत्येक मनुष्य तपासणीस पात्र आहे. त्यानंतरही धोका शून्यावर आलेला नाही. मे २०२२ मध्ये नागपुरातील थॅलेसेमियाग्रस्त बालकांना रक्तसंक्रमणानंतर एचआयव्हीची बाधा झाल्याचे व त्यांतील एक दगावल्याचे वृत्त देशभर गाजले. एचआयव्ही ज्या वाटेने जातो, त्याच वाटेने बी आणि सी विषाणू जातात. सिकलसेल वा थॅलेसेमियाचा रुग्ण आपल्याकडे बल्य औषधासाठी आला, तर त्याचे विषाणूचे अहवाल मागणे हे आपले पहिले काम.

भुईआवळ्याचा धडा

आता औषधालयांच्या मालकांशी दोन शब्द. सीताबर्डीच्या मुख्य रस्त्यापासून धंतोली-रामदासपेठेपर्यंत कोणत्याही आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात यकृताच्या गोळ्या आणि सिरप यांचा खप सर्वांत वरच्यांत असतो. त्यांतील बहुतेकांत भुईआवळा असतो. या वनस्पतीचा इतिहास आपण मुळातून जाणून घ्यावा.

बी विषाणूचा शोध लावणारे बारूक ब्लमबर्ग यांना १९७६ मध्ये नोबेल मिळाले. पुढे त्यांनी स्वतः मद्रासच्या त्यागराजन यांच्यासमवेत भुईआवळ्याचा अभ्यास केला. १९८८ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यागराजन प्रभृतींचा प्रयोग प्रसिद्ध झाला. तीस दिवस भुईआवळा दिलेल्या ३७ विषाणूधारकांपैकी २२ जणांच्या रक्तातून, म्हणजे ५९ टक्क्यांत, विषाणूचे प्रतिजन नाहीसे झाले. निष्क्रिय गोळी दिलेल्या २३ जणांत केवळ एकाच्या. साऱ्या जगाचे लक्ष या क्षुद्र तणाकडे वळले. परंतु थायलंड आणि न्यूझीलंड येथे हाच प्रयोग केला असता तसा लाभ दिसला नाही. पुढे सर्व प्रयोगांचा एकत्रित आढावा घेणाऱ्यांनाही खात्रीलायक पुरावा मिळाला नाही.

याचा अर्थ भुईआवळा निरुपयोगी असा मी करीत नाही. वनस्पतीची जात, संकलनाचा काळ, मात्रा यांत भेद असतील. बाजारात भुईआवळा म्हणून फिलॅन्थसच्या तीन-चार जाती सरमिसळ विकल्या जातात, हे आपण जाणतो. त्या जाती वेगळ्या करून पुन्हा काटेकोर प्रयोग करणे हे आपल्या महाविद्यालयांचे काम आहे. परंतु १९८८ चा आकडा पत्रकावर छापावयाचा आणि नंतरचे आकडे झाकावयाचे, हा व्यापार झाला, वैद्यक नव्हे. भुईआवळा भूक सुधारील, यकृताची एन्झाइमे खाली आणील, रुग्णाला बरे वाटेल. विषाणू मात्र तसाच असेल. उतरलेल्या एन्झाइमांवर विसंबून रुग्णाने तपासणी थांबविली, तर आपल्या औषधाने त्याचा घातच केला असे होईल.

हीच सावधता गुळवेलीबाबत हवी. २०२१ मध्ये मुंबईच्या चिकित्सकांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृतशोथ झालेल्या सहा रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने त्यावर, वापरलेली वनस्पती खरोखर गुळवेल होती की तिच्यासारखी दुसरी जात, याची शहानिशा झाली नाही, असा आक्षेप घेतला. तो आक्षेप रास्त होता. पण तो आपल्यालाच अधिक लागू पडतो, कारण आपण विकतो त्या चूर्णाची जात आपल्यापैकी किती जण तपासतात? जीर्ण यकृतशोथात रोगाची रणभूमी म्हणजे लसिकापेशीच होत, आणि त्या आधीच अहोरात्र लढ्यात जुंपलेल्या आहेत. अशा रुग्णाला 'प्रतिकारशक्ती वाढविणारे' म्हणून सरसकट रसायन न देता, यकृताच्या चाचण्या पाहून, काळ व मात्रा ठरवून द्यावे, असे मला वाटते.

सर्वांत गंभीर बाब स्टेरॉइडची. दम्याच्या आणि संधिवाताच्या निनावी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असते, हे गुपित राहिलेले नाही. सुप्त बी विषाणू असलेल्याला स्टेरॉइड दीर्घकाळ दिले, तर विषाणू उसळून यकृत निकामी होऊ शकते. एका रोगाला शमवून दुसऱ्याला उठविणारा प्रयोग विशुद्ध नव्हे, असे निदानार्थकर रोगांच्या त्याच अध्यायात सांगितले आहे. अशा पुड्या आपल्या फळीवर ठेवणाऱ्याने स्वतःला आयुर्वेदाचा व्यापारी म्हणवू नये.

लिम्फोमाचे उपचार चालू असलेले रुग्णही आपल्याकडे बळ यावे म्हणून येतात. रिटुक्सिमॅब हे बी-लसिकापेशींच्या लिम्फोमातील महत्त्वाचे औषध आहे. त्याने जुना, झाकलेला बी विषाणूही उसळतो; म्हणून २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर ठळक इशारा छापावयास लावला. अशा रुग्णाला टेनोफोव्हिर वा एन्टेकाव्हिरची गोळी दिलेली असते. 'इतक्या गोळ्या कशाला' म्हणून ती बंद करण्याचा सल्ला वैद्याने वा दुकानदाराने चुकूनही देऊ नये. उपचार सुरू होण्यापूर्वी बी विषाणूच्या तपासण्या झाल्या होत्या काय, हे मात्र अवश्य विचारावे.

आपल्याच सुया, आपल्याच जळवा

दुसऱ्यांच्या सुईवर बोट ठेवणे सोपे असते. इजिप्तमध्ये गेल्या शतकात रक्तातील कृमींच्या रोगावर अँटिमनीच्या क्षाराची सामूहिक इंजेक्शने उकळून पुन्हा वापरलेल्या सुयांनी दिली गेली. त्यातून सी विषाणू साऱ्या देशात पसरला. गुजरातेत साबरकांठा जिल्ह्यातील मोडासा येथे २००९ मध्ये पुन्हा वापरलेल्या सुयांमुळे बी विषाणूची जीवघेणी साथ आली. रोग बरा करणाऱ्या हातांनीच ती पसरविली.

आपल्या हातांत काय आहे? रक्तमोक्षण आहे, सिरावेध आहे, प्रच्छान आहे, अग्निकर्म आहे, अलीकडे लोकप्रिय झालेले विद्धकर्म आहे. बी विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस संसर्गक्षम राहतो. वापरलेली जळू सात दिवस पुन्हा लावू नये, असे अष्टांगहृदयात सांगितले आहे. परंतु तो नियम जळवेला रक्तमद होऊ नये म्हणून आहे, पुढील रुग्णाच्या रक्षणासाठी नव्हे. तो पाळला म्हणजे सुरक्षितता आली असे समजणे धोक्याचे आहे. एका रुग्णाची जळू दुसऱ्याला कदापि लावू नये. विद्धकर्माची सुई एकदाच वापरून नष्ट करावी. प्रच्छानाचे पाते प्रत्येकाला नवे असावे. स्वतः वैद्याने, परिचारकाने आणि औषधालयातील मदतनिसाने बी विषाणूच्या लसीच्या तीन मात्रा पूर्ण केलेल्या असाव्यात. भारतीय बनावटीची ही लस १९९७ पासून उपलब्ध आहे. न घेण्यास आता सबब उरलेली नाही.

काही आक्षेप

पहिला आक्षेप असा येईल की, विषाणू शोधणे हे आधुनिकांचे काम, वैद्याने दोष पाहावेत. दोष पाहावेतच. परंतु हेतू न पाहता केवळ दोष पाहणारा वैद्य पंचनिदानातील पहिलेच अंग सोडतो. चरकाचार्यांच्या काळी हेतू प्रश्नाने कळत होता. आज काही हेतू रक्ताच्या थेंबाने कळतात. साधन बदलले, तत्त्व तेच आहे.

दुसरा आक्षेप, याने रुग्ण घाबरतील. हा आक्षेप मी मानतो आणि म्हणूनच प्रमाण सांगणे आवश्यक समजतो. भारतात नॉन-हॉजकिन लिम्फोमा वर्षाला लाखामागे साधारण दोन-तीन जणांना होतो. तो पावणेदोन पट झाला तरी लाखामागे चार-पाचच. म्हणजे विषाणू असलेल्या बहुसंख्यांना लिम्फोमा कधीच होणार नाही. त्यांना यकृताचा धोका याहून कितीतरी मोठा आहे. 'कर्करोग होईल' अशी भीती घालून औषधांचे खोके विकणे हे अधम कृत्य तर आहेच, शिवाय कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातीवर १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. भीती न घालता तपासणी सुचविता येते. त्यासाठी फक्त सौम्य वाणी लागते.

तिसरा आक्षेप, मग आयुर्वेदाला काय उरले? पुष्कळ उरले. अग्नी राखणे, पथ्य ठरविणे, मद्य सोडविणे, जीर्ण यकृतशोथातील अरुची, क्लम, निद्रानाश यांचे शमन, कर्करोगाच्या उपचारांनी क्षीण झालेल्या देहाचे बृंहण, आणि दर सहा महिन्यांनी रुग्णाला तपासणीसाठी आठवण देणारा विश्वासाचा माणूस होणे. जो रुग्ण सरकारी रुग्णालयाच्या दारात जाण्यास कचरतो, तो आपले ऐकतो. ही आपली शक्ती आहे. ती माळवाल्याप्रमाणे वापरावयाची की वैद्याप्रमाणे, हे आपण ठरवावयाचे आहे.

काय करावे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात बी विषाणूचे सुमारे २ कोटी ९८ लाख आणि सी विषाणूचे सुमारे ५५ लाख धारक होते. यांतील बहुतेकांना आपल्या शरीरात काय आहे हे ठाऊक नाही. त्यांतील कित्येक आपल्या बाकावर बसून गेले असतील.

म्हणून संघटनेपुढे आणि वाचकांपुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, प्रत्येक वैद्याने रुग्णपत्रिकेत पाच प्रश्नांची एक ओळ छापून घ्यावी: पूर्वी कावीळ झाली काय, रक्त घेतले काय, शस्त्रकर्म वा वारंवार सुया झाल्या काय, गोंदण केले काय, घरात कोणाला हिपॅटायटिस आहे काय. एकाचेही उत्तर होकारार्थी असल्यास एचबीएसएजी आणि अँटी-एचसीव्ही या दोन तपासण्या लिहाव्यात आणि सकारात्मक रुग्णास उपचारासाठी मेडिकल, मेयो वा आपल्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करण्यास पाठवावे. दुसरी, औषधालयांनी यकृताच्या औषधासोबत 'कावीळ उतरल्यावरही विषाणूची तपासणी करा' असे एक मराठी वाक्य छापलेली चिठ्ठी द्यावी. तिसरी, २८ जुलै हा ब्लमबर्ग यांचा जन्मदिवस आणि जागतिक हिपॅटायटिस दिन. त्या दिवशी संघटनेच्या शाखांनी वैद्यांची, परिचारकांची व त्यांच्या कुटुंबीयांची तपासणी आणि लसीकरण करावे. आरंभ स्वतःपासून झाला की रुग्णाला सांगताना जीभ अडखळत नाही.

डोळे पांढरे झाले म्हणजे रोग गेला, हा समज मोडण्याचे काम या प्रांतात आपल्याइतके सहजतेने दुसरा कोणी करू शकणार नाही. यावर ज्यांचा मतभेद असेल त्यांनी याच त्रैमासिकातून अवश्य लिहावे; ज्यांच्याकडे अशा रुग्णांच्या नोंदी असतील त्यांनी त्या पाठवाव्यात. इत्यलम्.

(लेखक सीताबर्डी, नागपूर येथे आयुर्वेदिक चिकित्सा करतात.)